मेव्हिसमावशीने बॉयलरला उत्तर दिलं

काइल, त्या रेडिएटरला लाथा घालू नकोस रे. लाथांनी तापला असता तर आपला क्लब नाताळातच तापला असता. कोट चढवा, टॅक्सी यायला अजून अवकाश आहे. ठकठक करतोय तर करू दे. पाइपात हवा असेल. असेलच. पण एक सांगून ठेवतो. त्याला उलट कुणी ठोकायचं नाही.

हसा, हसून घ्या. मेव्हिसमावशीही हसली होती.

मेव्हिस टुलिप, खाणीच्या घरांच्या चौथ्या ओळीतली. तुमच्या आयांना विचारा. शाळेच्या जेवणघरात तिने त्यांना वाढलंय, आणि ताटात वाटाणे टाकले की डाव घेऊन मागे धावलीय. आता एकोणऐंशीची आहे, पण डाव हातातून सुटलाय असं समजू नका. ती दहा नंबरात राहते आणि मी अकरात. तिच्या पलीकडचं नऊ नंबर तिच्या मैत्रिणीचं, पेगचं. तेव्हा ते रिकामं होतं, दाराखिडक्यांवर पत्रे मारलेले. खाण बंद झाली, माणसं गेली, आणि ती ओळ पाडून टाकायची असं घरांच्या मालकांनी, म्हणजे हाउसिंगवाल्यांनी ठरवलं. त्या टोकाला दिवे लागायचे ते दोनच घरांत, तिच्या आणि माझ्या.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. सोमवारी संध्याकाळी मावशी माझ्या दारात आली ती रेडिएटरमधली हवा सोडायची चावी मागायला. ओळीत तेवढी एकच चावी उरली होती, पितळेची, माझ्या स्वयंपाकघरातल्या खिळ्याला टांगलेली.

"दे इकडे," ती म्हणाली. "बॉयलर बोलायला लागलाय."

"काय बोलतो?"

"हाउसिंगवाल्यांची बाजू घेऊन बोलतो. शुक्रवारी सकाळी त्यांचा फिटर यायचाय तपासणीला, आवाजाची तक्रार मीच करून बसले. त्याच्यासमोर हा असाच बोलला, तर लाल चिठ्ठी लावून मोकळा होईल तो."

आता लाल चिठ्ठी म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक असेल. बॉयलर धोक्याचा, गॅस बंद. दुसऱ्या एखाद्या गल्लीत महिन्याभरात नवा बसवतात. पण जी ओळ पाडायचीच आहे तिच्यात नवा बॉयलर कोण घालणार? मग तुम्हाला शहरातल्या फ्लॅटमध्ये हलवायचं. तात्पुरतं. पेगला तसंच हलवलं होतं, दोन हिवाळ्यांपूर्वी. दोन आठवड्यांसाठी म्हणून एक पिशवी घेऊन गेली. सातवा मजला, आणि लिफ्ट निम्मे दिवस बंद. तिसऱ्या महिन्यात गेली बिचारी तिथेच. तोवर इकडे तिचा बॉयलर काढला, मीटर उचलला, पत्रे ठोकले. पेग गेल्याचं दुःख होतंच, पण काळ सोकावला होता.

"मला न्यायचं तर खुर्चीसकट न्यावं लागेल," मावशी म्हणाली. "आणि खुर्ची त्या दारातून जात नाही. माझ्या नवऱ्याने खिडकीतून आत घेतली होती."

मी चावी घेऊन तिच्या मागे गेलो. बोलावलं नव्हतं तरी गेलो. माझं नाक तुम्हाला माहीत आहे. मावशी म्हणायचीच, "कीथ, आधी तुझं नाक येतं, मग पाच मिनिटांनी तू."

तिचा बॉयलर जुन्या पद्धतीचा. बैठकीच्या खोलीत पुढे गॅसची शेगडी आणि मागे, धुराड्याच्या पोटात, बॉयलर. पूर्वी जिथे कोळसा पेटायचा तिथेच बसवलेला. माझ्या लग्नाहून जुना, आणि माझ्या लग्नापेक्षा जास्त टिकलेला. तो चालू करून आम्ही दोघं समोर बसलो, डॉक्टरकडे बसतात तसे. मावशी डोळे मिटून ऐकत होती.

"हा गडगडाट ऐकलास? किटली उकळते तसा? हा चुना. आपल्या पाण्याचा चुना आत चढलाय. ही खळखळ म्हणजे वरच्या रेडिएटरमधली हवा. आणि ही टिकटिक, पाइप तापून फुगतो आणि फळीला घासतो त्याची."

"आणि ते?" मी विचारलं.

मधेच एक वेगळा आवाज आला होता. ठक. मग बराच वेळ काही नाही. मग... ठक.

"ते बघू शेवटी," मावशी म्हणाली, आणि उठून चहा टाकायला गेली. ती प्रश्न टाळून उठली, हे मी पहिल्यांदाच बघत होतो.

मग तीन दिवस आम्ही त्या बॉयलरच्या मागे हात धुऊन लागलो. एकेका रेडिएटरची हवा सोडली. काळंकुट्ट पाणी तिच्या गालिच्यावर सांडलं म्हणून मी शिव्या खाल्ल्या. माळ्यावरच्या टाकीत चुना सोडवायचं औषध ओतलं. जिन्याखालच्या फळ्या उचकटून, पाइप जिथे घासत होता तिथे जुन्या ब्लँकेटच्या पट्ट्या कोंबल्या. मावशी वर उभी राहून हुकूम सोडत होती, "अजून कोंब! पाइप आहे तो, तान्हं बाळ नाही!" बुधवारी रात्रीपर्यंत गडगडाट गेला. खळखळ गेली. टिकटिक गेली.

ते ठक मात्र राहिलं.

"मावशी, हे केव्हापासून?"

ती खुर्चीत बसली. मग म्हणाली, "कीथ, माझ्या हातून एक मूर्खपणा झालाय."

काय झालं ते कळायला तुम्हाला आमच्या ओळीची रीत माहीत हवी. तुमचा जन्म रेडिएटरवाल्या घरांतला. आमच्या वेळी दर घरात कोळसा पेटायचा, आणि दोन घरांच्या शेकोट्या पाठीला पाठ लावून असायच्या. मधे एक विटांची भिंत. शेजारणीला बोलवायचं तर दारात कोण जातंय? निखारे ढोसायची सळई घ्यायची आणि शेकोटीच्या पाठीवर ठोकायचं. म्हणजे, ये. पलीकडून एक ठोका आला की समजायचं, येते. बाळंतपण असो, कुणी पडलेलं असो, नाहीतर नुसती साखर संपलेली असो. कोण ते विचारायचं नाही, कशाला ते विचारायचं नाही. आणि एकदा उत्तर दिलं की जायचंच. तव्यावरचं टाकून जायचं, एका पायात चप्पल घालून जायचं. माझ्या आईच्या कळा सुरू झाल्या तेव्हा मेव्हिसमावशी अशीच डोक्याला साबण घेऊन धावत आली होती. पुढे बॉयलर बसले तरी ती आणि पेग त्याच्या बाजूच्या विटेवर ठोकायच्याच. पेग जाईपर्यंत.

"शनिवारी रात्री खुर्चीत डोळा लागला होता माझा," मावशी म्हणाली. "ठोका ऐकला. हात आपोआप गेला रे सळईकडे. चाळीस वर्षांची सवय. मी ठोकलं उलट. येते म्हणाले. मग जाग आली तेव्हा हसले, म्हटलं मेव्हिस, तू बॉयलरला उत्तर दिलंस." तिने सळई पायाने दूर सरकवली. "त्यानंतर तो थांबलेला नाही."

"पण मावशी, बॉयलरच तो..."

"बंद करून बघू की. उद्या रात्री. बॉयलर असेल तर गप बसेल."

हो काइल, मीही तेच म्हणालो, पाइप थंड होताना आवाज करतात. म्हणून तर नीट वेळ दिला. गुरुवार, तेरा फेब्रुवारी. संध्याकाळी सहाला बॉयलर बंद केला. पंप बंद. मीटरपाशी गॅसचा मुख्य नळ मी स्वतः फिरवला. मग कोट घालून, गुडघ्यांवर ब्लँकेट घेऊन बसलो. दहा वाजता मी सगळ्या पाइपांना हात लावून आलो. बर्फासारखे. बाराला पुन्हा लावून आलो. बाहेर बर्फ पडायला लागला होता. आवाज म्हणून नाही. मला वाटलं, सुटलो.

रात्री पावणेदोन वाजले होते.

ठक.

मी मावशीकडे बघितलं. ती बॉयलरकडे बघत होती.

ठक.

"पेगचा हात मी ओळखते," ती हळूच म्हणाली. "पेग घाईची. पटपट ठोकायची. हे असं थांबून थांबून... गारठलेल्या हाताने ठोकल्यासारखं."

मी ब्लँकेट गळ्यापर्यंत ओढलं. ती मात्र उठली. एका हातात सळई घेतली, दुसऱ्या हातात टॉर्च.

"कुठे?"

"शेजारी. मी येते म्हणाले आणि पाच दिवस गेले नाही. या ओळीत असं कुणी केलेलं नाही, आणि मी करणार नाही."

"मावशी, तिथे कुणी नाही!"

"मग जाऊन यायला काय हरकत आहे? आणि हे बघ, उद्या सकाळी नऊला तो पोरगा येतोय. तोवर हे मिटायला हवं. चल. नाक आणलंस का बरोबर?"

तिने घराला कुलूप लावलं. चावी कोटाच्या खिशात टाकली. हे लक्षात ठेवा.

मागच्या अंगणातून आम्ही नऊ नंबरात गेलो. मागच्या दाराचा पत्रा चोरांनी आधीच उचकटलेला होता. आतले तांब्याचे पाइप त्यांनी कधीच नेले होते. म्हणजे त्या घरात वाजायला काही उरलंच नव्हतं. पाइप नाही. रेडिएटर नाही. भिंतींवर त्यांचे फिकट चौकोन तेवढे. आणि थंडी... बाहेर बर्फ पडत होता ना, तर बाहेर बरं होतं.

बैठकीच्या खोलीत धुराड्याच्या जागी एक काळं भोक. बॉयलर काढून नेला त्याचं.

"पेग?" मावशी म्हणाली.

काही नाही.

"मी आलेय गं. मेव्हिस. उशीर झाला, पण आलेय."

काही नाही. टॉर्चच्या उजेडात आमचे श्वास तेवढे दिसत होते. माझा... आणि मावशीचा.

"कुणी नाही मावशी. चला."

"थांब."

ती वाकली. गुडघा करकर वाजला. त्या भोकात तिने सळई घातली आणि मागच्या विटेवर एकदा ठोकलं. पेग ठोकायची तिथेच.

आम्ही वाट बघितली.

बर्फ पडतो तेव्हा किती शांतता असते, माहीत आहे ना तुम्हाला...

ठक.

भिंतीपलीकडून.

भिंतीपलीकडे मावशीचं घर. कुलूप लावलेलं. चावी तिच्या खिशात. त्या टोकाला जिवंत माणसं दोन. दोघंही इथे उभी.

मी काय केलं ते सांगतो, खोटं कशाला बोलू? मी मागच्या दारापर्यंत पोचलो होतो. "म... मावशी, आज माझ्याकडे झोपा. सकाळी बघू."

"का?" ती म्हणाली. तिचाही आवाज कापत होता. पण डाव घेऊन मागे धावायची ना, तसा चेहरा झाला होता तिचा. "का म्हणून? घर कुणाचं आहे?"

आणि निघाली. बर्फातून, सळई काठीसारखी टेकत. मी मागे. एकटं मागे राहायची हिंमत नव्हती म्हणून मागे.

तिने कुलूप काढलं. दार उघडलं. मी उंबऱ्यावरच थांबलो. आत अंधार. दिवा लावायला तिने हात पुढे केला... आणि लावला नाही. तशीच अंधारात आत गेली. बॉयलरसमोर जाऊन उभी राहिली.

"ऐक," ती म्हणाली.

त्या अंधारात ती इतक्या मोठ्याने बोलली की मी दचकलो.

"पेग असशील तर बस. पेग नसशील, तरी बस. थंडीतून आलेल्याला या ओळीत कुणी हाकललेलं नाही. तिथे वर, सातव्या मजल्यावर, ठोकायला भिंत नसेल. इथे आहे. पण एक ध्यानात ठेव. सकाळी नऊला फिटर येतोय. तो इथे असेपर्यंत तू हूं की चूं केलंस, तर लाल चिठ्ठी लागेल, आणि मलाही त्याच फ्लॅटात नेऊन टाकतील. मग हे घर नाही, शेगडी नाही, तू नाही आणि मी नाही. दोघी रस्त्यावर. मी या घरात नवरी म्हणून आले. इथून मला हाउसिंग काढू शकलं नाही, आणि तूही काढू शकणार नाहीस. भीती दाखवायची असेल तर शनिवारी दाखव. उद्या गप. कळलं?"

काही नाही.

"उत्तर दे! रीत आहे ना आपली?"

...

...

ठक.

एकच. अगदी हळू.

मावशीने श्वास सोडला. नवऱ्याची जुनी खुर्ची कोपऱ्यात होती, ती तिने ओढत शेगडीसमोर आणली, स्वतःच्या खुर्चीशेजारी. मघाचं गुडघ्यावरचं ब्लँकेट त्या खुर्चीच्या पाठीवर टाकलं. मग दारात येऊन म्हणाली, "कीथ, गॅसचा नळ उघड आणि शेगडी पेटव. मग घरी जा. तुझे दात वाजतायत, त्या आवाजाने फिटर पळून जाईल."

मी पेटवली. ती स्वतःच्या खुर्चीत बसली, हातात सळई तशीच. मी गेलो. झोपलो नाही. भिंतीला कान लावून बसलो होतो. मावशीचा आवाज येत होता, बारीक, कुणाशी तरी गप्पा मारल्यासारखा. कोणाची सून कुठे गेली, कोण मेलं, दुधाची गाडी आता येत नाही... एकटीच बोलत होती. मधेमधे थांबत होती. समोरचं माणूस बोलून संपेपर्यंत थांबतो ना आपण, तशी.

सकाळी नऊला फिटर आला. विशीपंचविशीचा पोरगा, कानात वाळी, हात लाल झालेले. मावशीने त्याला चहा दिला आणि त्याच्या समोरच बसली. मी मदतीला म्हणून गेलो होतो. म्हणजे बघायला.

त्याने शेगडी सरकवून बॉयलर उघडला. ज्योत बघितली, धुराड्याची ओढ बघितली, कसलंसं यंत्र लावून आकडे बघितले. मग स्क्रूड्रायव्हरचं टोक बॉयलरला लावलं, मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटले. बराच वेळ. मावशी त्याच्याकडे बघतच नव्हती. ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत होती, डोळे वटारून.

बॉयलर मांजरासारखा घुरघुरत होता. बाकी आवाज नाही.

"तक्रार होती ना हो, ठोके येतात म्हणून?"

"म्हातारी माणसं तक्रार करतातच," मावशी म्हणाली.

"काहीच नाही यात. वयाच्या मानाने उत्तम आहे."

"कुणाबद्दल बोलतोयस? बॉयलर की मी?"

पोरगा हसला. लाल चिठ्ठी त्याच्या पेटीतच राहिली. अजून एक वर्ष, म्हणाला, मग पुन्हा तपासू. मावशीने त्याच्या खिशात दोन बिस्किटं कोंबली. आम्ही दोघं त्याला सोडायला रस्त्यापर्यंत आलो.

रात्रभर बर्फ पडला होता. सगळी ओळ पांढरी. वारा नाही, ऊन नाही. तो गाडीत पेटी टाकत होता, आणि टाकता टाकता थांबला. वर बघत राहिला.

"नऊ नंबरात कोण राहतं?"

"कुणी नाही," मी म्हणालो. "दोन वर्षं झाली."

"पण गॅस चालू आहे ना तिथे?"

"मीटरसुद्धा उचलून नेलाय. तुमच्याच लोकांनी."

त्याने बोटाने छप्पर दाखवलं. मीही वर बघितलं.

एक ते आठ, छपरांवर वीतभर बर्फ. मावशीच्या छपरावर बर्फ, तिच्याकडे तर रात्रभर शेगडी पेटलेली होती. माझ्या छपरावर बर्फ. आणि मधे नऊ नंबरचं छप्पर... काळं. ओलं, आत रात्रभर शेकोटी पेटल्यासारखं. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पन्हळीतून पाणी टपटपत होतं. आणि त्या बुजवलेल्या धुराड्यावरून, जिथे खाली पेटायला काहीच नव्हतं, बारीक वाफ वर चढत होती.

"काय बघतोस असा?" मावशी त्याला म्हणाली. "गाडीत बस राजा, गारठशील." आणि अंगावरची शाल आवळून, मान ताठ ठेवून, ती आपल्या घरात गेली.

आम्ही दोघं तिथेच उभे होतो. नऊ नंबरच्या छपरावर बर्फ पुन्हा पडायला लागला होता. पडत होता, आणि पडल्या पडल्या वितळत होता.